रिकामा रकाना

"चप्पल बाहेर काढ, हात धू, आणि मगच मशीनला हात लाव," उकिडवे काकूंनी दारातच फर्मान काढलं.

"काकू, मी ऑपरेशन करायला नाही आले. कॉम्प्युटर बघायला आलेय."

"माहितीये. पण त्यात चार हजार मुलामुलींची लग्नं आहेत. प्रवासातल्या हातांनी नाही शिवायचं त्याला."

स्टँडपासून सोमवार पेठ म्हणजे काही काशीयात्रा नव्हे, पण मी मुकाट्याने मोरीवर जाऊन हात धुतले. कऱ्हाडात ताराबाई उकिडव्यांशी वाद घालणारा माणूस अजून जन्मायचा होता. सव्वीस वर्षं त्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत वधूवर सूचक मंडळ चालवत होत्या. खोलीत दोन लोखंडी कपाटं, एक लाकडी बाक, आणि खिडकीशी टेबलावर विणलेला रुमाल पांघरून बसलेला कॉम्प्युटर. खंडेनवमीला लावलेलं हळदकुंकू अजून एंटरच्या बटणावर होतं.

दहा-अकरा वर्षं झाली या गोष्टीला. मी तेव्हा तेहतीस वर्षांची. स्टँडमागे कॉम्प्युटर दुरुस्तीचं माझं छोटं दुकान होतं. बाई दुरुस्तीला बसलेली बघून लोक "मालक कुठेत?" असं विचारायचे आणि मी "जेवायला गेलेत" असं ठोकून द्यायची.

पण खरं सांगायचं तर, काकूंचं काम मी दुरुस्तीसाठी घेतलंच नव्हतं. त्या मशीनमध्ये माझं नाव होतं आणि मला ते पुसायचं होतं.

पाच वर्षांपूर्वी आईने याच खोलीत माझा फॉर्म भरला. त्यानंतर काकूंच्या याद्या येत गेल्या आणि त्यातून अकरा स्थळं आली. त्यातल्या एकालाही माझं नाक, माझा रंग, माझं दुकान खटकलं नाही. गाडी दर वेळी एकाच प्रश्नाशी येऊन थांबायची. "तुमचं मूळ गाव कुठलं? कुलदैवत? भावकी कुठे असते?" माझे बाबा एका संस्थेत वाढले. पाळण्यात कुणी ठेवलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिथल्या अधीक्षकांनी त्यांना स्वतःचं शेणोलीकर हे आडनाव दिलं, शिकवलं, नोकरीला लावलं. बाबांसारखा सरळ माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी कॉलेजात असताना ते गेले. आई हे सगळं सांगायची. समोरची मंडळी माना डोलवायची, "कळवतो" म्हणायची, आणि कळवायची नाहीत.

बाराव्या स्थळाला मी चक्क नाही म्हटलं. तरी माझं नाव यादीत राहिलंच. दर मार्गशीर्षात मंडळाचा मेळावा व्हायचा, त्यासाठी नव्याने याद्या निघायच्या, आणि पुन्हा दोन-चार फोन, पुन्हा तोच प्रश्न. आई नाव काढू देत नव्हती. "असू दे की. नाव काही भाकरी मागत नाही," म्हणायची. काकूंच्या याद्या काढणाऱ्या प्रोग्रॅमची हुशारी एवढीच, की दर वर्षी माझं वय तो न चुकता एकाने वाढवायचा.

म्हणून काकूंचा फोन आल्यावर मी मनात म्हटलं, आयतीच संधी आली. एक बटण दाबायचं, की सुटले.

मशीन उघडून बघितलं. आत धुळीचा गालिचा. विंडोज एक्सपी, आणि त्याच वर्षी तिची देखभाल कंपनीने थांबवली होती. मेलवर येणारे नवे बायोडेटा उघडत नव्हते, दिवसातून तीनदा मशीन आपोआप बंद पडत होतं.

"काकू, मेमरी वाढवून आणि डिस्क बदलून यावर नवी विंडोज चढवता येईल. मशीन आणखी चार-पाच वर्षं ओढेल. पण तुमचा हा काळ्या पडद्यावरचा प्रोग्रॅम नव्यात चालायचा नाही. आतली माहिती नव्या तक्त्यात घ्यावी लागेल."

"म्हणजे जमदाडे सरांचा प्रोग्रॅम जाणार?"

"प्रोग्रॅम जाईल. माहिती राहील."

काकूंनी चष्मा काढला. "कॉलेजातल्या सरांनी खास मंडळासाठी लिहून दिलेला. सतरा वर्षं झाली तो वापरतेय. वय बघतो, उंची बघतो, नाडी बघतो. आणि सतरा वर्षांत एकही सगोत्र स्थळ त्याने काढलेलं नाही. मी चुकेन, भटजी चुकतील, पण तो चुकायचा नाही. असा प्रोग्रॅम घालवून मी तुझे तक्ते घेऊन काय करू?"

"मग आहे तसं चालू ठेवा. पण हार्ड डिस्क कुरकुरायला लागलीय. बसली तर चार हजार नावं एका झटक्यात जातील."

"कधी बसेल?"

"ते मला विचारू नका, तिची पत्रिका बघा."

काकू हसल्या नाहीत. मेळावा अठरा दिवसांवर आला होता. दोनशे नवे बायोडेटा मेलमध्ये अडकून पडले होते. पुण्याची लेक "आता बंद कर मंडळ, लोक मोबाइलवर जुळवतात" म्हणून मागे लागलेली. नावं गेली तर काकूंकडे उरणार होतं ते रिकामं बाकडं. हे त्यांना कळत होतं, म्हणूनच चेहरा एवढासा झाला होता. मला त्यांची दया आली, पण माझा स्वार्थही काही सुटत नव्हता.

"असं करते," मी म्हटलं, "माहितीची एक नक्कल पेन ड्राइव्हवर नेते. उद्या माझ्या लॅपटॉपवर नव्या तक्त्यात आणून दाखवते. पटलं तर पुढचं बोलू. तुमच्या मशीनला धक्का लागणार नाही."

"एकही नाव गळता कामा नये."

"नाही गळणार," मी म्हटलं, आणि मनात एक नाव वगळलं.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन गेले. हात न सांगता धुतले. काकूंनी परीक्षा घ्यायला सुरुवात केली. वाईचे अमुक आहेत का? आहेत. ओगलेवाडीच्या तिघी बहिणी? तिघीही. अत्री गोत्राचे किती? बावीस. काकूंनी बोटं मोजली. "बरोबर. परवाच बाविसावा आला." त्या जरा सैलावल्या आणि कॉफी करायला आत गेल्या.

मी लगेच माझं नाव शोधलं. नावं इंग्रजी अक्षरांत होती. शेणोलीकर वैजयंती, उंची पाच तीन, शिक्षण डिप्लोमा, नाडी मध्य. ओळ निवडली, पुसायच्या बटणावर बोट ठेवलं, आणि पुढचा रकाना दिसला. गोत्र: काश्यप.

बोट तसंच राहिलं. आम्हाला गोत्र माहीतच नव्हतं. आईने फॉर्म भरताना तो रकाना रिकामा सोडला तेव्हा मी शेजारीच उभी होते. रिकाम्या जागेकडे बघत ती पेन घेऊन किती वेळ थांबली होती, तेही मला आठवत होतं.

"काकू," मी हाक मारली, "माझं गोत्र काश्यप कुणी लिहिलं?"

काकू कप घेऊन बाहेर आल्या. "तुझं? तू आहेस का यात? थांब, शेणोलीकर... हां, आई यायची तुझी. उंच, घारी."

"हो. पण गोत्र?"

"अगं, ज्याला गोत्र माहीत नाही त्याचं काश्यप. जुना रिवाज आहे. आणि जमदाडे सरांचा प्रोग्रॅम तो रकाना भरल्याशिवाय पुढे सरकतच नाही. म्हणून कुणी रिकामा सोडला, की मी काश्यप लिहिते."

"सगळ्यांचंच?"

"ज्यांनी ज्यांनी रिकामा सोडला, त्यांचं. का गं?"

मी पुन्हा लॅपटॉपकडे वळले. गोत्रानुसार नावं लावली. काश्यप आले पाचशे चाळीस.

"काकू, रिकामा कोण सोडतं?"

"कोण म्हणजे? ज्याला माहीत नसतं तो. संस्थेत वाढलेली मुलं असतात. आईने एकटीने वाढवलेली असतात. काहींचे आईवडील दोन वेगळ्या जातींचे, त्यांना कुणी काही सांगितलेलंच नसतं. काही जण नुसतेच हेकट, आम्ही मानत नाही म्हणणारे."

"आणि प्रोग्रॅम काश्यपला काश्यप दाखवत नाही."

"कसा दाखवेल? सगोत्र होईल ना!"

त्या बोलल्या आणि मग स्वतःच थांबल्या. मी मात्र थांबले नाही. माझी जीभ तशी तिखटच, आणि पाच वर्षांचं साचलेलं होतं.

"म्हणजे ज्यांना कुणीच नव्हतं, त्यांना तुम्ही एकमेकांची भावंडं केलंत. मला वसिष्ठ दाखवलेत, भारद्वाज दाखवलेत. अकरा घरं दाखवलीत, जिथे पहिलाच प्रश्न कुळाचा असतो. आणि ज्यांना तो प्रश्न विचारावासाच वाटला नसता, ते सगळे माझ्याच रांगेत उभे होते, माझ्या पाठीमागे! आणि म्हणे हा प्रोग्रॅम चुकत नाही."

काकूंनी कप खाली ठेवला. कॉफी बशीत सांडली. त्यांनी कपाट उघडलं, सुतळीने बांधलेला एक गठ्ठा काढला आणि बाकावर सोडला. जुने, पिवळे पडलेले फॉर्म. आम्ही दोघी एकेक बघू लागलो. काहींवर गोत्र फॉर्म भरणाऱ्याच्याच अक्षरात होतं. पण मधूनमधून एक फॉर्म यायचा, त्यावर तेवढाच रकाना काकूंच्या लाल पेन्सिलीने भरलेला. गठ्ठ्यातल्या शंभरात असे एकतीस निघाले.

"तू आता जा," काकू म्हणाल्या.

"काकू, मी जरा जास्तच..."

"जा म्हटलं ना."

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आई भाजी निवडत होती. हातातली जुडी खाली ठेवून म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा." आणि लगेच दुसरा प्रश्न, "तू तिथे कशाला तुझं नाव शोधत होतीस?"

मी लॅपटॉपची पिशवी आवरू लागले. आईने माझ्याकडे नुसतं बघितलं. तिला कळलं होतं. "पुसलंस?"

"नाही."

"हं," म्हणाली आणि पुन्हा भाजीला लागली.

दोन दिवस काकूंचा फोन नाही. मी समजले, काम गेलं. त्यांनी मंडळ बंद केलं असेल तर पाप माझ्या माथी, हेही मनात येऊन गेलं. वाटलं, खरं ते खरं, पण सत्तरीच्या बाईला असं तोडून बोलायला नको होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. "वैजयंती, ये. येताना ती मेमरी का काय ते घेऊन ये."

गेले तर पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जमिनीवर फॉर्मच फॉर्म. मधोमध काकू चटईवर बसलेल्या, शेजारी फोन, डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत.

"लाल पेन्सिलीचे एकशे सत्त्याऐंशी निघाले," त्या म्हणाल्या. "दोन दिवस फोन करतेय. शंभरावर लोकांची लग्नं झालीत, देव त्यांचं भलं करो. काहींचे नंबर लागत नाहीत. एकेचाळीस जण अजून बिनलग्नाचे आहेत. तुझ्यासकट."

मी खाली बसले. "काकू, माझ्या बोलण्याचा राग..."

"आला. खूप आला. खोटं कशाला बोलू? मग फॉर्म काढत बसले आणि राग कुठच्या कुठे गेला." त्यांनी एक फॉर्म उचलला. "हा बघ. उंब्रजचा मुलगा. संकष्टीला सापडला म्हणून संस्थेने हेरंब नाव ठेवलं. पाटणला शाळेत चित्रकला शिकवतो. दर मेळाव्याला यायचा, मागे बसायचा, आणि जाताना मला हळूच विचारायचा, 'काकू, माझ्यासारखी कुणी आहे का हो तुमच्याकडे?' आणि मी काय करायची? मशीनला विचारायची. मशीन नाही म्हणायचं. मी त्याला सांगायची, नाही रे बाबा. सहा वर्षं! आणि तू या सोमवार पेठेपासून दहा मिनिटांवर बसलेली." त्यांनी फॉर्म मांडीवर ठेवला. "मला वाटायचं, मी धर्म सांभाळतेय."

मी त्यांचा हात धरला. तो गार पडला होता.

"तुम्हाला कुठे माहीत होतं, काकू?"

"माहीत करून घ्यायला हवं होतं. एवढी माणसं माझ्या भरवशावर होती." त्यांनी पदराने डोळे पुसले आणि एकदम कामाला लागल्या. "हे बघ, नव्या विंडोजमध्ये तो रकाना भरावाच लागतो का?"

"नाही. रिकामा ठेवता येतो."

"आणि मग जुळवताना?"

"ज्यांनी गोत्र लिहिलंय आणि पाळायचंय, त्यांना तुमचा नियम लागू. ज्यांचा रकाना रिकामा, त्यांना लागू नाही. त्यांना सगळे दिसतील, तेही सगळ्यांना दिसतील."

काकू मशीनकडे बघत राहिल्या. विणलेला रुमाल उचलून त्यांनी त्याची नीट घडी केली. "चढव मग. जमदाडे सरांना मी सांगेन काय सांगायचं ते."

"एकदा चढवलं की मागे फिरता येणार नाही हं. नीट विचार करा."

"दोन दिवस दुसरं काय केलं मी? चढव म्हणते ना!"

मी त्यांच्यासमोर नक्कल पुन्हा तपासली, एक प्रत त्यांच्या कपाटात ठेवायला दिली, मग मशीन उघडलं. धूळ काढली, मेमरी आणि नवी डिस्क बसवली, नवी विंडोज चढवायला लावली. पडद्यावर टक्के सरकू लागले. काकू समोर खुर्ची टाकून बसल्या, मुलीच्या बाळंतपणाला बसतात तशा. सदतीस टक्क्यांवर गाडी अडली तर मलाच ओरडल्या, "बघ, अडलं! सांगत होते!" अडतीस झाल्यावर म्हणाल्या, "चालतंय चालतंय, तू बोलू नकोस." मशीन स्वतः बंद होऊन सुरू झालं तेव्हा त्यांनी डोळेच मिटून घेतले.

दुपारी तीनला पडदा निळा, स्वच्छ उघडला. मी तक्ता आणला. एकशे सत्त्याऐंशी ओळींतलं काश्यप एकेक करून पुसलं. काकू फॉर्मवरून नाव वाचत, मी पुसत. प्रत्येक नावाला त्या थांबायच्या, "हिची आई फार गोड होती," "याला पायाला काहीतरी होतं, पण गातो काय सुरेख." संध्याकाळ होत आली तेव्हा माझी ओळ आली.

"काकू, माझं गोत्र नको, ओळच पुसूया," मी म्हटलं. "मी त्यासाठीच आले होते. खरंच. मला पुन्हा ते फोन नकोत."

काकू चष्म्यावरून बघत राहिल्या. मला वाटलं आता भाषण येणार. पण त्या एवढंच म्हणाल्या, "पूस. तुझं नाव, तुझा हक्क. फक्त आधी एक यादी बघ. एकच. सतरा वर्षं तुम्हा लोकांची यादीच काढली नाही मी. तेवढी काढू दे, मग पूस."

त्यांच्या तोंडावर नाही म्हणवेना. मी माझ्यासाठी यादी काढली. प्रिंटरने कुरकुरत एक कागद बाहेर टाकला. सात नावं. काकूंनी तो हातात घेतला, वाचला, आणि पेन्सिल शोधू लागल्या. कसलीही खूण न करता पहिल्या नावावर नुसतं टोक टेकवलं. हेरंब उंब्रजकर.

"माझा फोन झालाय त्याच्याशी," त्या म्हणाल्या. "तू हो म्हणालीस तर रविवारी येतो म्हणतो. नाही म्हणालीस तर त्याला मी काहीही सांगेन, त्याची तू काळजी करू नकोस."

"एकच," मी म्हटलं.

"एकच," काकू म्हणाल्या.

रविवारी तो आला तो एकटाच. काका-मामा आणणार कुठून! पाटणच्या एसटीने चुरगळलेला शर्ट, हाताला रंगाचे डाग, आणि उगाच मिशीशी चाळा. आईने सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. तिचं उत्तर पाठ होतं. "हिचे वडील संस्थेत वाढले, पण फार सज्जन, आणि नोकरीत..." अकरा वेळा म्हटलेलं ते उत्तर. आता बाराव्यांदा म्हणायला ती पदर सावरून खुर्चीच्या काठावर बसली.

तो शाळेबद्दल बोलला. मुलं हिरवा रंग भलताच संपवतात म्हणाला. मला विचारलं, "तुम्ही मशीन दुरुस्त करता, की लोकांना सरळ नवीन घ्यायला लावता?"

"दुरुस्त होतंय तोवर दुरुस्तच करते."

"लोक चिडत नाहीत?"

"चिडतात. मग मालकाला बोलवा म्हणतात. मी सांगते, जेवायला गेलेत."

तो खळखळून हसला. एवढ्या मोठ्याने, की शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावलं. मीही हसले. अर्धा तास कसा गेला कळलं नाही. आई मात्र ताटकळलेली. प्रश्न काही येईना. शेवटी तिला धीर धरवेना.

"तुम्हाला आमच्याबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा हं," ती म्हणाली. "अगदी मोकळेपणाने. आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही."

"विचारू?" तो म्हणाला.

आई ताठ झाली.

"हा चिवडा घरी केलाय का?"

"हो," आई म्हणाली.

"मग आणखी थोडा घेतो."

आई बशी घेऊन आत गेली आणि बाहेर येईना. मी मागोमाग गेले. ती ओट्याशी चिवड्याचा डबा उघडून उभी होती. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ती हसत होती.

"वैजू," ती म्हणाली, "यानं विचारलंच नाही गं!"

मी तिला जवळ घेतलं. तिने नाक पुसलं, मला बाजूला सारलं आणि बशीत चिवडा भरू लागली. बशी शिगोशीग भरली तरी तिचा हात काही थांबेना.